कुनिहिकोची करंगळी

सरका, जरा पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर गोष्ट अर्धीच ऐकू येईल, आणि अर्धवट ऐकलेल्या गोष्टींवरच जगातले सगळे भोंदू पोसले जातात. आज मी तुम्हाला मेलेल्या माणसाच्या बोटांनी वाजणाऱ्या एका वाद्याची कथा सांगणार आहे. थट्टा नाही करत. बोटं खरोखर त्याचीच होती. सगळी मेख तिथेच आहे, म्हणून नीट कान देऊन ऐका.

हामामात्सु शहराच्या टोकाला, वाळूच्या टेकड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, त्सुगे यांचं घर. त्या दुपारी त्या घराच्या दारात पाऊल टाकायला जागा नव्हती. जोड्यांवर जोडे चढले होते, आणि एका कोपऱ्यात कुणाची तरी काठी पुनःपुन्हा घसरून पडत होती. दारावर पांढरा कंदील टांगला होता. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी पितरांच्या पहिल्या सणाला, म्हणजे पहिल्या ओबोनला, टांगतात तो.

गेला होता तो कुनिहिको त्सुगे. जन्मभर वाद्यांच्या कारखान्यात सिंथेसायझरच्या पट्ट्या दाबून तपासत आलेला, कमी बोलणारा, भरपूर जेवणारा माणूस. तरुणपणी तो नेन्बुत्सुच्या मेळ्यात बासरी वाजवायचा. हा मेळा ओबोनमध्ये ढोल आणि बासरी घेऊन दुःखातल्या घरी जातो आणि अंगणात अमिदा बुद्धाचं नाव गातो. पुढे कारखान्यात यंत्राखाली उजवी करंगळी सापडली, बासरी सुटली, आणि तीच धून कुनिहिको घरच्या सिंथेसायझरवर वाजवायला लागला. करंगळीची पाळी आली की सूर क्षणभर अडखळायचा, मग लंगडत पुढे जायचा.

कुनिहिकोची धाकटी बहीण इकुयो गर्दीतून आडवी होऊन आत शिरली. ती शाळेत संगीत शिकवायची. आत पाहिलं, तर दादाचा सिंथेसायझर पितरांच्या देव्हाऱ्यासमोर मांडलेला. दोन्ही बाजूंना दोन स्पीकर. वाद्यावरच्या छोट्या पडद्यावर मंत्र लिहिलेली कागदी पट्टी आडवी चिकटवलेली. आणि मागे पांढरा झगा घालून, हातात मिटलेला पंखा घेऊन बसलेले गेन्शो सेन्सेई, म्हणजे गुरू, गेलेल्यांच्या आत्म्यांशी बोलतो असं सांगणारे. कोपऱ्यात त्यांची शिष्या नागिसा डोळे मिटून बसली होती. तिच्या मांडीवर जांभळ्या कापडात गुंडाळलेली चौकोनी पोथी होती, असं सगळे म्हणत. दोन्ही हात त्या कापडाखाली.

"विश्व म्हणजे काय?" सेन्सेईंनी विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. "कंपन! तुम्ही म्हणजे काय? कंपन! कुराता काकू, तुमचा गुडघा का दुखतो?"

"डॉक्टर म्हणतो, वजन वाढलंय," शेजारच्या कुराता काकू म्हणाल्या.

"डॉक्टरला वजनकाटा दिसतो. मला आत्मा दिसतो! तुमचं कंपन बेसूर झालंय. टेकवा गुडघा त्या स्पीकरला. लाजू नका, कालही टेकवला होता की."

खसखस पिकली. स्पीकरच्या जाळीवर कालच्या गुडघ्यांच्या मलमाचे तेलकट डाग होते.

"आता बघा," सेन्सेई म्हणाले. "तोकिए-सान, दाबा पट्टी."

तोकिए ही कुनिहिकोची बायको. तिने पट्टी दाबली. आवाज नाही. कुराता काकूंनी पंजाच दाबला. आवाज नाही.

"या, संगीताच्या बाई, तुम्हीही बघा. तुमची तर विद्याच आहे ती!"

इकुयोने दाबून पाहिलं. दिवा लागलेला, पट्टी खाली जातेय, पण वाद्य मुकं.

"वीज आहे, वाद्य आहे, मग सूर का नाही? कारण ती जागा रिकामी नाही! तिथं कुणीतरी बसलंय!"

पंखा चटईवर टक् वाजला. आणि एकही पट्टी न हलता वाद्य वाजायला लागलं.

नेन्बुत्सुची धून. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीत करंगळीची जागा आली आणि सूर अडखळला. अगदी तसाच. मग लंगडत पुढे गेला. बायकांनी हात जोडले. 'नामु अमिदा बुत्सु' असा गजर उठला. इकुयोही रडली. पहिल्याच सुरापासून ती दादाचा सूर म्हणून तो फोनवर गुपचूप टिपून घेत होती. खोटं कशाला सांगू? त्या घडीला तिलाही वाटलं होतं, दादा आलाय.

शेवटाला मात्र धून पुरी झालीच नाही. मध्येच पट्ट्यांवर थप्पड मारल्यासारखा बेसूर आवाज झाला. धप्प! आणि शांतता.

"नाही म्हणतोय!" सेन्सेई गरजले. "ऐकलंत, तोकिए-सान? डॉक्टरची सुरी नको, म्हणतोय. मी स्वतः तुला बरं करीन, म्हणतोय. या, जवळ या."

आणि तोकिए उठली, भर माणसांत पोलक्याची वरची बटणं सैल केली आणि त्या मलमाच्या डागांवर छाती टेकवून गुडघ्यांवर बसली. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर नव्या नवरीची लाज. सेन्सेई देव्हाऱ्यापुढच्या नैवेद्यातला पीच उचलून खात होते. रस हनुवटीवरून झग्यावर गळत होता.

इकुयो उठून स्वयंपाकघरात गेली. तिला ते बघवेना.

गर्दी ओसरल्यावर तोकिए कप विसळायला आत आली.

"वहिनी, हॉस्पिटलची तारीख सोमवारची ना?"

"होती."

"होती म्हणजे काय?"

"उद्या सेन्सेई शेवटचं विचारणार आहेत. ह्यांनी पुन्हा नाही म्हटलं की फोन करून रद्द करते."

"अहो वहिनी, छातीत गाठ आहे! सूर ऐकून विरघळायला ती काय साखरेची आहे? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? आता काढली तर निघेल, थांबलात तर पसरेल. मी होते ना तुमच्या शेजारी बसलेली."

तोकिएने कप पालथा घातला. "वन्सं, तुम्ही ऐकलंत ना? ती करंगळी? सगळा संसार मी या भिंतीआडून ऐकलाय तो सूर. दुसऱ्या कुणाला जमेल का तसं अडखळायला? सांगा, तुम्ही तर शिकवता."

नक्कल इकुयो चटकन ओळखायची. ही नक्कल नव्हती. तिने दादाच्या खोलीत डोकावून पाहिलं. टेबलावर धुळीत एक स्वच्छ चौकोन उमटलेला होता.

"दादाचा संगणक कुठे गेला?"

"त्याला निरोप दिला. सेन्सेईंनीच नेला, एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीनंतर. मोडक्या सुयांना, जुन्या बाहुल्यांनासुद्धा आपण मंत्र म्हणून निरोप देतो. मग ह्यांचे हात ज्यावर रोज फिरले, तो काय कचऱ्याच्या गाडीत टाकू? मंत्र म्हणून अग्नीत दिला, असं म्हणाले. तेव्हापासूनच तर हे वाजायला लागलं. आत्मा मोकळा झाला ना!"

यात तोकिएला हसू नका. तिच्या जागी इकुयोनेही तेच केलं असतं. वस्तूचेही उपकार मानायचे ही या लोकांची रीत आहे, आणि रीत चांगली आहे. कीड लागते ती चांगल्याच फळाला.

इकुयो घरी गेली नाही, ती देवळात गेली. तिथले वृद्ध दोकाई गुरुजी गाऊन प्रवचन करत. पंखा आपटत, आवाज चढवत, रडवत आणि त्याच दमात हसवत. इकुयो लहानपणापासून त्यांच्यापुढे बसलेली. त्या संध्याकाळी ते एकटेच ओसरीवर बसून दुसऱ्या दिवशीची कथा गुणगुणत होते. तिने सगळं सांगितलं आणि विचारलं, "गुरुजी, दादा खरंच आला असेल का?"

"आला असेल तर चहा पाजा," गुरुजी म्हणाले. "पण मला सांग, मी ती आंधळ्या आईची कथा कधीपासून गातोय?"

"मला कळायला लागल्यापासून."

"दोनदा सारखी गायली?"

"छे! गेल्या वर्षी तर तुम्ही मुलाचं नावच विसरलात."

"विसरलो नव्हतो. खोकला आला होता."

"विसरला होतात, गुरुजी."

"बरं, विसरलो होतो." ते मिश्कील हसले, मग गंभीर झाले. "ज्याच्यात जीव आहे तो चुकतो, पोरी. पण दुसऱ्यांदा तसाच चुकत नाही. कधी जरा आधी, कधी जरा नंतर. समोर कोण बसलंय, दमट हवा आहे की कोरडी, त्यावर श्वास बदलतो. तुझा दादा खरंच येऊन वाजवत असेल, तर आपल्या बायकोला आजारी बघून त्याचा हात तरी हलेल की नाही? एकदा ऐकलंस, रडलीस. आता उद्या पुन्हा ऐक, न रडता."

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. तोकिए पुढे बसलेली, फोन मांडीवर. 'नाही' आला की तिथूनच हॉस्पिटलला कळवायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सेन्सेईंनी पंखा उचलला. इकुयो पुढे सरकली.

"सेन्सेई, दादाला मी थोडी साथ केली तर चालेल?"

"का नाही? बहिणीची साथ! आत्मा किती सुखावेल!"

पंखा टक् वाजला. धून सुरू झाली, आणि इकुयोने कालची टिपलेली धून फोनवर लावली. ती जराशी उशिरा सुरू झाली, अर्ध्या श्वासाने मागे. पुढे वाद्य, मागे फोन, माणूस आणि त्याची सावली चालावी तसं. पहिली ओळ संपली, अंतर तेच. दुसरी ओळ, अंतर तेच. माणसं माना वाकड्या करून ऐकायला लागली. तिसऱ्या ओळीत वाद्य अडखळलं, अर्ध्या श्वासाने फोन अडखळला, केसाइतकाही फरक न करता.

"बंद करा ते!" सेन्सेईंचा आवाज चिरकला. "अपवित्र लहरी मिसळताहेत!"

"थांबा हो," कुराता काकू म्हणाल्या. "ऐकू द्या."

धप्प! आणि मागोमाग फोनमधून, धप्प!

"आज माझ्या वहिनीचा रंग कालच्यापेक्षा उतरलाय," इकुयो म्हणाली. "बाहेर पाऊस आहे, घरात दुप्पट माणसं आहेत. आणि माझ्या दादाचा हात तसूभर हलला नाही? इतका दगड होता का तो?"

"आत्म्याला काळ नसतो! आत्मा शाश्वत..."

"वन्सं," तोकिए हळूच म्हणाली. "तो शेवट पुन्हा लावा."

इकुयोने लावला. धप्प.

"पुन्हा."

धप्प.

तोकिएचे डोळे भिंतीकडे गेले, जिच्या पलीकडे स्वयंपाकघर होतं. "हे 'नाही' नाहीये," ती म्हणाली. "हे ग्योझा आहेत."

कुणाला काही कळेना. ग्योझा म्हणजे तव्यावर तळलेल्या, सारण भरलेल्या छोट्या करंज्या; त्यांचा इथे काय संबंध?

"मी आत ग्योझा तळायची. गोल मांडून, मध्ये कोवळ्या मोडांचा ढीग, त्यांना आवडायचे तसे. तव्यावरून काढले की आतून ओरडायची, अहो, ग्योझा निवतायत! की हे वाजवणं तिथंच टाकून, पट्ट्यांवर तळवा टेकून उठायचे. गुडघे दुखायचे ना त्यांचे. धप्प असा आवाज यायचा. आणि मग म्हणायचे, आलो." तिचा आवाज फुटला. "रोज. रोज हो! भिंतीआडून रोज ऐकलाय मी हा आवाज. तुम्ही त्याला 'नाही' केलंत?"

"आत्मा रूपकात बोलतो, तोकिए-सान, रूपकात!"

"रूपकात कसला, जेवायला उठला होता तो!"

इकुयोने हात लांबवला आणि वाद्याच्या पडद्यावरची मंत्राची पट्टी टरकन ओढून काढली. सगळ्यांना दिसेल असं वाद्य फिरवलं. मागच्या खाचेत अंगठ्याएवढा काळा ठोकळा खोचलेला होता, त्यावर निळा ठिपका लुकलुकत होता.

"नीट ऐका," ती म्हणाली. तिचा आवाज वर्गातला झाला होता. "या वाद्यात दोन गोष्टी असतात. एक पट्ट्या, दुसरी सूर काढणारं यंत्र. एरवी त्या आतून जोडलेल्या असतात. दादा याला संगणकाशी जोडायचा. तेव्हा आतला सांधा तोडावा लागतो, नाहीतर प्रत्येक सूर दोनदा ऐकू येतो, एकदा पट्टीवरून आणि एकदा संगणकातून फिरून आलेला. सांधा तोडला की पट्टी फक्त संगणकाला निरोप पाठवते, आणि संगणक सांगेल तेव्हाच वाद्य वाजतं. संगणकाने निरोप पुढे दिला नाही, की पट्ट्या मुक्या. हे बघा, मंत्राच्या कागदाखाली पडद्यावर लिहिलंय, आतला सांधा बंद. म्हणून काल माझ्याही बोटाला आवाज आला नाही. तिथं कुणी बसलं नव्हतं."

"पण मग वाजवतो कोण?" मागून कुणी विचारलं.

"दादाच. फक्त आत्ता नाही. संगणक आवाज टिपत नाही, बोटं टिपतो. कुठली पट्टी, किती जोरात, केव्हा सोडली. करंगळी अडखळली तर अडखळणंही टिपतो. उठताना टेकवलेला तळवासुद्धा. ते तो पुन्हा या वाद्याकडे पाठवतो, तारेशिवाय, या ठोकळ्यातून. प्रश्न एवढाच आहे, की जो संगणक अग्नीत दिला, तो पाठवतोय कुठून?"

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. नागिसाने डोळे उघडले होते.

"काय गं, पोथी आहे का पोर आहे मांडीवर?" कुराता काकू ज्या गुडघ्यावर चालवत नव्हतं त्याच गुडघ्यावर तरातरा गेल्या आणि जांभळं कापड ओढलं.

आत कुनिहिकोचा संगणक. झाकणावर त्यानेच चिकटवलेलं पतंगाच्या सणाचं चित्र, एक कोपरा सुटलेलं. पडद्यावर रंगीत आडव्या रेघांची रांग. एकेक रेघ म्हणजे एकेक बोट. आणि रांगेच्या शेवटी एकावर एक रचलेल्या रेघांचा गठ्ठा, तो तळवा.

तोकिएने त्या गठ्ठ्यावर बोट ठेवलं.

चोर चोरून नेतो, आपण म्हणतो गेलं ते गेलं. पण या माणसाने काय केलं पाहा. विधवेने हात जोडून निरोपाला दिलेली वस्तू घेतली, तिच्या नवऱ्याची बोटं त्यातून उकरून काढली, आणि तीच बोटं तिच्या गळ्याला लावली. वर अमिदाचं नाव घेतलं. ज्या नावाने दुःखी माणसाने शांत व्हावं, त्याचं आमिष केलं. गटार बरं, हो. त्याला निदान वास तरी येतो.

इकुयोने वाद्याची कळ फिरवून आतला सांधा पुन्हा जोडला. "काकू, आता दाबा."

कुराता काकूंनी पंजा दाबला. असा भोंगा वाजला की पहिल्या रांगेतल्या दोघी दचकून मागे पडल्या. मग कुणीतरी हसलं, मग सगळेच.

"अविश्वासाने इथलं सगळं वातावरण..." सेन्सेई जोडे शोधत होते. "तुम्हाला याची फळं..."

"सेन्सेई," कुराता काकू म्हणाल्या, "हात कापतायत तुमचे. कंपन बिघडलंय वाटतं. टेकवता का स्पीकरला?"

संगणक घेऊन जायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. नागिसा जाताना तोकिएपुढे वाकली, तोकिएने तिच्याकडे पाहिलं नाही. पोलिसांना इकुयोने फोन केला, ते आले, पण ती दुसरी गोष्ट.

दिवस कलताना पाऊस थांबला आणि नेन्बुत्सुचा मेळा अंगणात आला. ढोल, झांजा, गजर. बासरीवाला नवखा होता. तिसऱ्या ओळीत त्याचा श्वास पुरला नाही आणि बासरी चक्क किंचाळली. तो बिचारा ओशाळला. तोकिए मात्र ओसरीवर बसून हसत होती आणि डोळे पुसत होती.

"चुकला," ती इकुयोला म्हणाली. "किती छान चुकला, नाही?"

सोमवारी ती हॉस्पिटलात गेली. इकुयो बरोबर होती. गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात.

तुम्ही म्हणाल, आम्ही देव मानतो, पितर मानतो. माना ना! दोकाई गुरुजी काय कमी मानतात? पण जो तुम्हाला डॉक्टरपासून तोडतो, प्रश्न विचारला की अंगावर येतो, आणि ज्याचा चमत्कार रोज तसाच्या तसा घडतो, त्याच्या वाद्याची मागची बाजू एकदा बघा. देवाला तपासणीची भीती नसते. भीती असते ती दलालाला. डोळे पुसल्याशिवाय नीट दिसत नाही, म्हणून आधी रडून घ्या, मग ठरवा.

आणि कुणी तुम्हाला तुमच्या गेलेल्या माणसाच्या नावाने भीती घातली, तर त्सुगे यांच्या कुनिहिकोची आठवण ठेवा. करंगळी दुखायची तरी धून सोडली नाही त्याने. पण बायकोने आतून हाक मारली की अर्ध्यात सोडायचा, तळवा टेकून उठायचा, आणि 'नाही' म्हणायचा नाही कधी. म्हणायचा, आलो.